टोरांटोच्या नर्सेसची झोप

२२ मार्च २०२० चा रविवार आठवत असेलच. संध्याकाळी पाच वाजता आपण सगळे बाल्कनीत उभे राहून डॉक्टर-नर्सेससाठी थाळ्या वाजवत होतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे वुहानमध्ये सगळं ऐन भरात असताना, ३४ रुग्णालयांतल्या १२५७ डॉक्टर-नर्सेसनी प्रश्नावली भरून दिली होती. ५०.४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं, ४४.६ टक्क्यांत चिंतेची, आणि ३४ टक्क्यांना निद्रानाश. तिघांत एकाला झोप नाही!

हे आकडे पुढे दोनेक वर्षं सगळीकडे फिरले. आणि आकड्यांच्या मागोमाग सल्ले आले. दीर्घ श्वास घ्या, झोपण्याआधी मोबाईल बघू नका, कॉफी कमी करा, हे ध्यानाचं ॲप तीन महिने फुकट आहे ते डाऊनलोड करा. आमच्या हापिसातनंही अशी एक 'वेलनेस' मेल आली होती. आम्ही आयटीवाले घरी बसून काम करत होतो, आम्हाला ती मेल ठीकच होती. पण तीच मेल पीपीई किटमध्ये आठ तास घामाघूम होऊन आलेल्या नर्सलाही जात होती, हे मला तेव्हापासून खटकतंय. जणू झोप न लागणं हा त्या बाईच्या स्वभावातला काहीतरी बिघाड आहे आणि तो तिनं घरी जाऊन दुरुस्त करायचा आहे.

मला वाटतं की या झोपेचा इतिहास बघितला तर वेगळंच काहीतरी दिसतं. आणि हा इतिहास कोरोनापासून सुरू होत नाही.

साथीत काम करणाऱ्यांची मनं आधीच्या काळातही कोलमडत असणारच, पण ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. आपल्या मुंबईचंच घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका व्हरांड्यात प्रयोगशाळा थाटून लस बनवायला लागले. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच तीन महिन्यांत त्यांच्या एका सहाय्यकाची मानसिक अवस्था पार ढासळली आणि दोघे काम सोडून गेले, हे त्या गोष्टीत एका ओळीत येतं आणि जातं. त्या माणसाचं नाव काय, त्याला झोप लागत होती का, पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारलंच नाही.

विचारायला सुरुवात झाली ती २००३ मध्ये. सार्सच्या साथीत. आणि ज्या शहरात ते फार बारकाईने विचारलं गेलं ते म्हणजे कॅनडातलं टोरांटो.

सार्स आपल्याला फारसा आठवत नाही कारण भारताला त्याची झळ बसली नाही. जगभर मिळून ८०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे कोरोनाच्या मानाने काहीच नाही. पण त्या ८०९६ पैकी साधारण २१ टक्के लोक आरोग्य कर्मचारी होते, दर पाचातला एक! हा रोग बाजारात, लोकलमध्ये पसरत नव्हता. तो रुग्णालयात पसरत होता. माणूस जितका जास्त आजारी, तितका जास्त संसर्ग, आणि सगळ्यात आजारी माणसाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? नर्स.

फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात चीनमधून आलेले एक आजारी डॉक्टर उतरले होते. त्यांच्याकडून त्या हॉटेलातल्या इतर पाहुण्यांना लागण झाली आणि ते पाहुणे आपापल्या घरी परतले. त्यात टोरांटोच्या एक ७८ वर्षांच्या आजी होत्या. त्या ५ मार्चला घरीच वारल्या. दोन दिवसांनी, ७ मार्चला, त्यांचा मुलगा ताप आणि खोकला घेऊन स्कारबरो ग्रेस या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेला. तिथे तो रात्रभर इतर रुग्णांच्या शेजारी, नुसत्या पडद्याआड पडून होता. जवळच्या खाटेवर हृदयाच्या तक्रारीसाठी आलेला एक माणूस होता. तो बरा होऊन घरी गेला आणि साधारण आठवडाभराने सार्स घेऊन परत आला. तिथून साखळी सुरू झाली.

आता गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. त्याच दिवशी, म्हणजे ७ मार्चलाच, त्याच हॉटेलातून परतलेला दुसरा एक रुग्ण कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हर जनरलच्या इमर्जन्सीत पोचला. तिथल्या लोकांनी त्याला काही मिनिटांत गर्दीपासून बाजूला केलं, मास्क लावून वेगळ्या खोलीत नेलं. परिणाम? अख्ख्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फक्त पाच रुग्ण. ओंटारियोत जवळपास ३७५ आणि ४४ मृत्यू.

एकच देश, एकच दिवस, एकाच हॉटेलातला विषाणू. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हरवर एकच इनपुट टाकलं, एक चालत राहिला आणि एक कोसळला. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने या फरकाबद्दल बरंच लिहिलं आहे. नशिबाचा भाग होताच, हे आयोगही मान्य करतो. पण व्हँकुव्हरमध्ये फेब्रुवारीतच चीनमधल्या विचित्र आजाराबद्दल इमर्जन्सीवाल्यांना सावध केलं गेलं होतं. शिवाय तिथे कर्मचाऱ्यांची सुरक्षा हा विषय आधीपासून गांभीर्याने घेतला जायचा. म्हणजे 'आधी मास्क लाव, मग बघू काय आहे ते' ही सवय होती.

टोरांटोत २६ मार्चला प्रांताने आणीबाणी जाहीर केली. मग जे सुरू झालं त्याला 'वर्क क्वारंटाइन' असं नाव होतं. हे प्रकरण फार चमत्कारिक आहे. लागण झालेल्यांच्या संपर्कात आलेल्या नर्सेसना खरं तर दहा दिवस घरी बसवायला हवं. पण सगळ्यांनाच घरी बसवलं तर रुग्णालय चालवणार कोण? म्हणून नियम असा की तुम्ही कामावर यायचं, काम झालं की सरळ घरी जायचं, बस-मेट्रोत बसायचं नाही, दुकानात जायचं नाही. घरी वेगळ्या खोलीत झोपायचं, मुलं समोर असतील तर मास्क लावायचा, टॉवेल-कपबशी वेगळी, दिवसातून दोनदा ताप बघायचा.

तुम्हीच कल्पना करा. दिवसभर बारा तास सरकार तुम्हाला सांगतंय की तुम्ही अत्यावश्यक आहात. उरलेले बारा तास तेच सरकार सांगतंय की तुम्ही धोकादायक आहात. मधल्या प्रवासात शेजारी तुम्हाला बघून लिफ्टचं दार बंद करतायत. आणि रात्री एकटीने पलंगावर पडून थर्मामीटर काखेत धरायचा आणि ३७.६ आला तर तो ताप की थकवा, हे स्वतःच ठरवायचं. यात कुणाला झोप लागली तर नवल.

माझी एक मावसबहीण नर्स आहे. तिला मी २०२० च्या त्या दिवसांबद्दल विचारलं होतं. म्हटलं, "ताई, तुला झोप यायची का गं?" ती म्हणाली, "न यायला काय झालं? उभ्या उभ्या यायची. पण पडलं की तासाभरानं जाग यायची आणि आधी स्वतःचं कपाळ बघायचे, मग ग्लानी आल्यासारखं पडून राहायचे. पोरगा आईकडे होता म्हणून बरं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि अरे, उद्या मास्क नवा मिळणार की कालचाच वाळवून लावायचा, ते माहीत नसायचं. तेच डोक्यात फिरायचं." तिचं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर टोरांटोकडे परत. एका मोठ्या रुग्णालयात तेव्हा कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यात २९ टक्के लोक मानसिक ताणाच्या ठरलेल्या रेषेच्या वर निघाले. नर्सेस तेवढ्या वेगळ्या काढल्या तर ४५ टक्के. माउंट सायनाय रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या चार आठवड्यांचा वृत्तांत २००३ मध्येच प्रसिद्ध केला. त्यांच्या रुग्णालयात सार्स झालेले १९ जण होते आणि त्यातले ११ स्वतः कर्मचारी! म्हणजे कालपर्यंत शेजारच्या टेबलावर डबा खाणारी मैत्रीण आज तुमची पेशंट. तिच्या नाकात नळी घालताना तुमचे हात थरथरणार नाहीत?

लोकांना स्वतः मरायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती घरी रोग नेण्याची होती. ती काल्पनिक नव्हती. स्कारबरो ग्रेसचे कर्मचारी मोठ्या संख्येने आजारी पडले, तेव्हा त्यांच्यासाठी वेस्ट पार्क नावाच्या रुग्णालयात, जुन्या क्षयरोगाच्या इमारतीत, घाईघाईने वॉर्ड उघडला गेला. तिथे काम करायला पुढे आलेल्या नर्सेसमध्ये टेक्ला लिन होत्या. त्यांना सार्स झाला, त्यांच्याकडून त्यांच्या पतीला झाला. पती एप्रिलमध्ये गेले. टेक्ला जुलैमध्ये. टोरांटोत सार्सने दोन नर्सेस आणि एक डॉक्टर गेले, त्या दोघींपैकी त्या एक.

इथपर्यंतची गोष्ट तशी कुठल्याही साथीची आहे. नवा रोग, गोंधळ, धाडस, दुःख. टोरांटोची खरी गोष्ट मे महिन्यात सुरू होते.

२३ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने 'टोरांटोला जाऊ नका' अशी सूचना काढली. शहर हादरलं. हॉटेलं रिकामी, परिषदा रद्द. राजकारणी थेट जिनिव्हाला जाऊन भांडले आणि महिना संपता संपता ती सूचना मागे घेतली गेली. रुग्णसंख्या खरोखरच उतरत होती. १४ मे रोजी संघटनेने टोरांटोला बाधित शहरांच्या यादीतून काढलं, १७ मे रोजी प्रांताने आणीबाणी उठवली. मेच्या मध्यावर रुग्णालयांतले मास्कचे नियमही सैल झाले. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांना म्हणजे, नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या काही नर्सेस सोडून.

त्यांना वॉर्डात काहीतरी वेगळं दिसत होतं. ऑर्थोपेडिक वॉर्डात एक ९६ वर्षांचे आजोबा कमरेचं हाड मोडून आले होते, त्यांना ताप आला, एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला, १ मे रोजी ते वारले. म्हातारपण, अंथरुणाला खिळलेले, न्यूमोनिया होणारच, असं म्हणून पान उलटलं गेलं. मग मानसोपचार वॉर्डातल्या रुग्णांना न्यूमोनिया झाला. मग एकाच कुटुंबातली माणसं ताप घेऊन इमर्जन्सीत आली. नर्सेस म्हणत होत्या, हे सार्ससारखं दिसतंय. वरून उत्तर येत होतं, नाही, हे सार्स नाही.

का नाही? हा भाग प्रत्येक प्रोग्रामरने वाचायला हवा असा आहे. तेव्हा सार्सची खात्रीची चाचणी हाताशी नव्हती. निदान व्याख्येवरून व्हायचं. ताप हवा, आणि खोकला किंवा श्वासाचा त्रास हवा, आणि गेल्या दहा दिवसांत बाधित भागातून प्रवास किंवा सार्सच्या रुग्णाशी संपर्क हवा. तीन अटी आणि मध्ये दोन 'आणि'. आता शहरात सार्सच उरला नाही असं जाहीर झालं की संपर्क कुणाशी दाखवणार? तिसरी अट कायम खोटी. तिसरी अट खोटी म्हणून निदान खोटं. निदान नाही म्हणून नवा रुग्ण नाही, आणि नवा रुग्ण नाही म्हणून पुढच्याला दाखवायला संपर्क नाही! लूप पूर्ण. ही व्याख्या एकदा शून्यावर आली की ती स्वतःहून परत एकावर जाऊच शकत नव्हती.

आमच्या धंद्यात ज्यांनी ऑन-कॉलचा आठवडा काढलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको. डॅशबोर्ड हिरवागार, आणि सपोर्टवरचा पोरगा सांगतोय की ग्राहक ओरडतायत. मीटिंगमध्ये कोण जिंकतं? डॅशबोर्ड. मी एका प्रोजेक्टवर असताना एका अलर्टने फार त्रास होतो म्हणून मॅनेजरने तो म्यूट करायला लावला होता. त्यानंतर आमच्या टीममधली एक मुलगी रात्री दोनला आणि चारला गजर लावून उठायची आणि हाताने लॉग बघायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण यंत्राचा अलार्म बंद केल्यावर तिला स्वतःलाच अलार्म व्हावं लागलं होतं. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर कुणी मरत नाही.

२३ मे रोजी जाहीर झालं की सार्स परत आलाय. खरं तर तो कुठे गेलाच नव्हता. नॉर्थ यॉर्क जनरलचे दरवाजे नव्या रुग्णांसाठी बंद झाले. हजारो लोक पुन्हा क्वारंटाइन. टोरांटो शेवटी यादीतून बाहेर पडलं ते २ जुलैला. त्याच्या आधी, जूनच्या अखेरीस, नॉर्थ यॉर्क जनरलच्या ऑर्थोपेडिक वॉर्डातल्या नर्स नेलिया लारोझा सार्सने गेल्या. ही त्या दोघींमधली दुसरी.

न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने पुढे साडेतीन वर्षं चौकशी केली. अंतिम अहवाल जानेवारी २००७ मध्ये बाहेर आला, त्याचं नावच 'स्प्रिंग ऑफ फिअर' आहे. अहवाल जाडजूड आहे, आणि सरकारी अहवाल असून वाचवतो, हे विशेष. त्यातला एक हिशोब असा: ओंटारियोतल्या रुग्णांपैकी ७२ टक्क्यांना लागण आरोग्यसेवेच्या ठिकाणीच झाली, आणि त्यातले ४५ टक्के कर्मचारी. नर्सेसचं ऐकलं असतं तर, हा सूर अहवालात जागोजागी आहे. आयोगाची मुख्य शिफारसही तीच: धोका कमी करायची पावलं उचलायला विज्ञानाची पक्की खात्री होईपर्यंत थांबू नका.

आता परत झोपेकडे येऊ, कारण मुद्दा तिथेच आहे.

माँडर आणि मंडळींनी साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी आणखी एक पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळलेली टोरांटोची ९ रुग्णालयं, आणि साधारण सत्तर किलोमीटरवरच्या हॅमिल्टनमधली सार्स न बघितलेली ४. मिळून ७६९ कर्मचारी. पार पिचून गेलेले लोक टोरांटोत ३०.४ टक्के, हॅमिल्टनमध्ये १९.२. मानसिक त्रास ४४.९ विरुद्ध ३०.२. टोरांटोत लोक कामाचे तास कमी करत होते, रुग्णांशी थेट संपर्क टाळत होते, सिगारेट-दारू वाढली होती. साथ संपून वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर हे!

पण याच गटाच्या आणखी एका पाहणीत, मानसोपचाराच्या काटेकोर निकषांवर सार्सनंतर नवा मानसिक आजार जडलेले लोक किती निघाले? फक्त ५ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. लोक आजारी नव्हते. त्यांच्या डोक्यात कुठला रासायनिक बिघाड झाला नव्हता. ते थकले होते आणि, माझ्या मते, चिडले होते. कुणाला कमी त्रास झाला, याचं उत्तरही त्याच पाहणीत आहे: ज्यांना वाटत होतं की आपल्याला नीट प्रशिक्षण मिळालं आणि आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, त्यांना.

तैवानमध्ये तर हे जवळजवळ प्रयोगासारखं दिसलं. तिथल्या एका अभ्यासात सार्स वॉर्डातल्या ३७ टक्के नर्सेसना निद्रानाश होता, इतर वॉर्डांत ९.७ टक्के. दुसऱ्या एका अभ्यासात सार्सचे रुग्ण हाताळणाऱ्या नर्सेससाठी एक कार्यक्रम राबवला. त्यात काय होतं? कामावरच प्रशिक्षण, माणसांची नीट विभागणी, पुरेशी संरक्षक साधनं, आणि मदतीला मानसोपचाराची टीम. दोन आठवड्यांत नर्सेसची चिंता, नैराश्य आणि झोप, तिन्ही सुधारायला लागली. यादी पुन्हा वाचा. चारातल्या तीन गोष्टींचा मनाशी थेट काहीच संबंध नाही. ताईचं ते वाक्य आठवा, उद्या मास्क नवा मिळणार की कालचाच.

मानसोपचाराची मदत नको असं मी अजिबात म्हणत नाही. माउंट सायनायमध्ये फोनवर गुपचूप बोलायची सोय केली होती, ती लागतेच. पण चिंता हा प्रत्येक वेळी आजार नसतो. कधीकधी ती नुसती बातमी असते, आणि ती आधी त्याच माणसाला कळते जो सगळ्यात जवळ उभा आहे. त्याला झोपेची गोळी दिली तर बातमी खोटी होत नाही.

टोरांटोच्या ५३ नर्सेसनी प्रांत सरकारवर दावा लावला होता. म्हणणं असं की सरकारने आम्हाला पुरेसं संरक्षण दिलं नाही. २००९ मध्ये ओंटारियोच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की साथीत सरकारची जबाबदारी सगळ्या जनतेप्रती असते, नर्सेसप्रती वेगळं असं कायदेशीर देणं लागत नाही. सार्सनंतर प्रांताने पुढच्या साथीसाठी मास्क आणि इतर साधनांचा प्रचंड साठा करून ठेवला होता. २०१७ मध्ये प्रांताच्या महालेखापालांनी बघितलं तर त्यातला ८० टक्क्यांहून जास्त माल मुदत उलटून गेलेला. तीन वर्षांनी त्याची गरज पडणार होती.

आपल्याकडे काय झालं तेही सांगून टाकतो. एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात २६ नर्सेस आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले आणि महापालिकेने अख्खं रुग्णालय बंद केलं. त्यातल्या बऱ्याच नर्सेस केरळहून आलेल्या, एका खोलीत अनेक जणी राहणाऱ्या. बाधित रुग्णांच्या संपर्कात येऊनही आम्हाला वेळेवर वेगळं केलं नाही, काम करत ठेवलं, असं नर्सेसच्या संघटनेचं म्हणणं होतं. नॉर्थ यॉर्कची गोष्ट वाचलेल्या माणसाला ही बातमी नवी वाटणार नाही.

त्याच एप्रिलमध्ये ओंटारियोतल्या नर्सेसची संघटना पुन्हा कोर्टात गेली. काही वृद्धाश्रमांत कोरोना शिरला होता आणि तिथले व्यवस्थापक एन-९५ मास्क कपाटात कुलूप लावून ठेवत होते, साधा मास्क पुरेल म्हणत होते, असा त्यांचा आरोप होता. २३ एप्रिल २०२० ला न्यायाधीशांनी नर्सेसच्या बाजूने आदेश दिला. टोरांटोला जाऊ नका ही सूचना आली होती त्याला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षं झाली होती. एखाद्या रुग्णाजवळ जाताना एन-९५ लागेल की नाही, हे त्या खाटेपाशी उभी असलेली नर्स ठरवेल, आणि तिने मागितला तर तो द्यायचा.